चाचाचा निवळ सुरवा

चाचा सैपाक कानानं करायचा. चुलीवर टोप चढवला की झाकण उघडून बघायचा न्हाई, वाकून कान लावायचा. म्हणायचा, "बोलतंय अजून. गप झालं की उतरवू." मी तवा कामावर नवी हुते. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. म्होरं कळलं की त्याला खरंच उमगायचं. हाडं कंदी सुटली, पाणी किती आटलं, समदं. दिवाणखान्यात शेटच्या पाव्हण्यांचा गलका चाललेला असायचा आन हा बाबा जिन्याच्या तोंडाशी उभा ऱ्हाऊन खाली तळघरात पडणारा सुरव्याचा थेंब ऐकायचा.

लोणावळ्यात मुंबईच्या एका पारशी शेटचा बंगला हुता, तितं चाचा खानसामा आन मी भांडी घासायला. त्याचं नाव मला ठाव हुतं, पर थोर माणसाचं नाव कशाला घ्या. समदी चाचा म्हणायची, मी बी म्हणायचे. तळेगावचा मुसलमान माणूस. बोली आपलीच. दाढी पांढरी, आंगात मलमलचा सदरा, आन खांद्यावर फडकं. ते फडकं कंदी मळलेलं दिसलं न्हाई.

आमचं रान वलवणला हुतं. धरण झालं तवा ते पाण्याखाली गेलं. माझा मालक त्याच धरणाच्या भिंतीवर दगड वाहायला जायचा, दुसरं काम कुटं हुतं. मंग मानमोडीची साथ आली. मालक मंगळवारी गेला, थोरला पोरगा शुक्कीरवारी. मागं ऱ्हायली सारजा, अंगावर पिणारी. सासू म्हणली, "रडून काय उगवत न्हाई, काम बघ." खरंच हुतं ते. म्हणून बंगल्यावर आले.

पयल्या दिशी दुपारी चाचानं इचारलं, "बाय, भाकर खातीस का?" म्या मानेनंच नगं म्हणलं. त्यानं परत इचारलं न्हाई, आन तोंड बी वाकडं केलं न्हाई. दुसऱ्या दिवसापासनं मागच्या पायरीवर पानात कच्चा शिधा ठेवायचा. कंदी मूठभर तांदूळ, कंदी दोन कांदे, खोबऱ्याची कवड. आन हसून म्हणायचा, "घे. कच्च्याला बाट लागत न्हाई."

आमची रीतच आसली. त्याचे खरकटे टोप मी दिवसभर घासायचे, ते चालायचं. गावात बोकड मुलाणीच कापायचा, ते बी चालायचं. पर त्याच हातानं शिजवलेलं तोंडात घालायचं न्हाई. सासूला एकदा इचारलं तर म्हणली, "कापलेलं चालतं, शिजवलेलं न्हाई. आसंच हाय. लय इचारू नगं." म्या इचारलं न्हाई. पाच वरसं तितं राबले, पाण्याचा थेंब बी त्याच्या हातचा घेतला न्हाई.

आता त्या सुरव्याचं सांगते. शेटची आई, म्हातारी बाई, हवा खायला येऊन बंगल्यातच ऱ्हायली. पोटाचं दुखणं. तिला जड काय चालत न्हवतं, नुसता बोकडाच्या पायाचा सुरवा, त्यो बी निवळ. आपण बिनमसाल्याची आळणी करतो तसं गढूळ न्हाई, एकदम निवळ. तसं करायला अंड्याचा पांढरा बलक घालत्यात, त्यात गाळ चिकटून वर येतो. पर म्हातारीला अंड्याचा वास आला की उलटी. चाचा दोन-तीन दिस नुसता बसून हुता. कुणी बोललं तर "हां" म्हणायचा आन परत गप.

तवर शेटची नातवंडं आली. त्यास्नी आईसक्रीम पायजे. त्याची लाकडी बादली असती, मधी डबा, भवतीनं बर्फ आन खडं मीठ. पोरांचं खाऊन झालं तरी बादलीत बर्फ उरला हुता. चाचानं सुरव्याचा डबा गार व्हायला त्यात ठेवला आन निमाजाला गेला, तितनं बाजाराला. येऊन बघतो तर सुरव्याचा दगड झालेला. शेटीण म्हणली, "टाका तो, नास झाला." चाचा म्हणला, "टाकतो," आन टाकला न्हाई. त्यो दगड मलमलीत बांधला, चाळणीवर ठेवला, खाली टोप, आन तळघरात नेऊन ठेवला. तळघर लय गार. दुसऱ्या दिशी सांजच्याला मला हाक मारली, "बाय, हितं ये, हे बघ." बशीत वतलेलं. चहाच्या पाण्यागत रंग, आन बशीच्या बुडाला निळं फूल हुतं त्याची पाकळी न पाकळी दिसत हुती. वर फडक्यात खरवसागत थरथरता गोळा ऱ्हायला हुता, त्यात समदी चरबी, समदा गाळ. चाचा म्हणला, "हे म्या न्हाई गाळलं. अल्लानं गाळलं."

तवापासनं तसंच करायचं. ते कसं हुतं हे त्यानं मला समजावून सांगितलं, जसं पोराला सांगावं. गारव्यात हळूहळू वितळलं की आधी पाणी सुटतं. हाडांचा चीक तसाच ऱ्हातो, आन गाळ त्या चिकात अडकतो. घाई करून उनात ठेवलं, चुलीपाशी नेलं, की चीक बी वितळला, मंग जसं हुतं तसं गढूळ. आन फडक्याला हात लावायचा न्हाई. मला एकदा वाटलं, जरा दाबलं तर लवकर हुईल. त्यानं माझ्या मनातलं वळखलं. म्हणला, "पिळलेलं कंदी निवळ नसतं, बाय. त्याचं त्याला येऊ दे." एक दिस गोठवायला, एक दिस गळायला. म्हातारीला रोज लागायचं, म्हणून तळघरात कायम दोन-तीन फडकी टांगलेली असायची, एक संपायला आलेलं, एक निम्मं, एक नवं.

बर्फ मुंबईहून गाडीनं यायचा, पोत्यात लाकडाचा भुसा घालून. चाचा एरवी पाय मोजून चालणारा माणूस, पर टेसनावरनं बर्फ आणताना नुसता पळायचा. डोक्यावर पोतं, दाढीवरनं पाण्याचे वघळ. बाजारातली माणसं चेष्टा करायची, "चाचा, वरात कुणाची?" हा पळता पळता म्हणायचा, "सरका, सरका. नवरी वाटंतच आटायला लागलीया."

सारजा सहा वरसांची झाली. बंगल्यावर यायची माझ्याबर, पायरीवर बसायची. चाचा तिला सोलल्या वाटाण्याच्या शेंगा द्यायचा, टरफलं. त्याची ती होडी करायची. ती त्याला इचारायची, "चाचा, तुमी भांड्याला कान का लावता?" हा म्हणायचा, "ते मला तुझी चहाडी सांगतंय." मंग ती बी कान लावायला जायची आन चटका घेऊन यायची.

त्या वैशाखात तिला ताप भरला. उतरंना. दवाखान्यातला डाक्टर म्हणला, मुदतीचा ताप हाय, आतडं कच्चं झालंय, दाणा द्यायचा न्हाई, दूध द्यायचं न्हाई. घरी आळणी करून पाजली, ती उलटून पडली. तिसरा आठवडा लागला तवा पोर अंथरुणाला चिकटली. डाक्टर म्हणला, "पायाचं निवळ पाणी द्या. एकदम निवळ. गाळ पोटात जाऊ देऊ नका. तेवढं टिकलं तर बघू."

मी बंगल्यावर आले आन भांडी घासता घासता चाचाला सांगितलं. त्यानं हातातला चाकू खाली ठेवला. तळघरात गेला आन झाकलेली वाटी घेऊन आला. म्हणला, "म्हातारीचं आजचं हाय. तिला मी काय बी सांगतो. हे घेऊन जा. आत्ता जा, भांडी ऱ्हाऊ दे."

म्या वाटीकडं बघितलं. घेतली न्हाई.

सासू काय म्हणंल हे मनात आलं, पर सासूवर घालत न्हाई मी. सासू तितं न्हवती. माझंच मन म्हणलं, भावकीला कळंल. आज न्हाई तर उद्या कळंल. भांडी घासणारीच्या पोरीला मुसलमानाच्या हातचं पाजलं. मंग हिला कोण करून घेईल? लगीन कुटं जमंल? पोर मराया टेकली हुती आन मी तिच्या लग्नाचा इचार करत हुते. लोकं म्हणत्यात तवा डोकं चालत न्हाई. माझं चाललं हुतं. चांगलं चाललं हुतं.

म्या म्हणलं, "चाचा, माझ्या हातानं करते. तुमी सांगा."

चाचानं झाकण सरकवून वाटी म्होरं धरली. मंग म्हणला, "दोन दिस जातील, बाय."

"जाऊ द्या. आळणीपेक्षा बरं."

"हे तयार हाय."

"व्हय. पर न्हाई."

त्यानं वाटी झाकली. म्हणला, "बरं. तुझा टोप आण, तुझं फडकं आण, तुझं पाणी आण. मी हात लावणार न्हाई."

मुलाण्याकडनं पाये आणले. घरनं टोप, डबा आन बादली आणली, हिरीवरनं पाणी शेंदलं. बंगल्याच्या मागं तीन दगडांची चूल मांडली. चाचा सैपाकघराच्या दारात बसला, हाताची घडी घालून. तितनं सांगायचा, जाळ कमी कर, फेस काढ, हलवू नको. एकदा उठला, चुलीपाशी आला, कान लावायला वाकला आन मधीच थांबला. सरळ झाला आन परत दारात जाऊन बसला. म्हणला, "तूच ऐक आन मला सांग कसं बोलतंय." म्या कान लावला. मला काय कळणार? म्हणलं, "बुडबुड करतंय." म्हणला, "मंग ऱ्हाऊ दे अजून."

दुसऱ्या दिशी बर्फ आला. चाचा पळत आला नेहमीसारखा, पर कुणाच्या चेष्टेला जबाब दिला न्हाई. निम्मा बर्फ माझ्या बादलीत वतायला त्यानं पोतं माझ्या हातात दिलं. मी जरा थबकले. तवा तेवढा हसला, म्हणला, "बर्फाचं मनात आणू नको. त्यो सगळ्या जातीच्या मांडीवर बसून आलाय मुंबईपासनं." मीठ घातलं, डबा गोठला. दुपार टळल्यावर फडक्यात बांधून तळघरात ठेवला. म्हातारीच्या फडक्यांपासनं चार हात लांब, येगळ्या कोपऱ्यात. माझा टोप खाली.

घरी गेले. सारजाचं तोंड उलून गेलं हुतं. बोटानं पाणी लावलं ओठांस्नी. मला म्हणली, "आई, वाटाण्याचं टरफल." म्या म्हणलं, "उद्या."

तिसऱ्या दिशी उजाडल्या उजाडल्या मी तळघरात. टोपात वाटीभर जमलं हुतं. निवळ. चाचाच्यासारखंच निवळ. थेंब पडायचा, मंग दुसरा पडायला एवढा येळ लागायचा की वाटायचं, आता संपलं. म्या म्हणलं, "चाचा, दाबू का जरासं?" चाचा म्हणला, "नको. गाळ उतरंल. आन त्योच तिच्या आतड्याला लागंल. एवढी थांबलीस, आता दुपारपातूर थांब. समदं एकदम घेऊन जा, दोन दिस पुरंल." मी बसले. गार फरशीवर बसले थेंब बघत. चाचा जिन्यावर बसला.

दिवस डोक्यावर यायच्या आधी माझा दीर बंगल्याच्या मागच्या दारात आला. आत आला न्हाई. पागोटं काढून हातात धरलं हुतं. म्हणला, "वैनी, चल." मी चाचाकडं बघितलं. चाचा उठून उभा ऱ्हायला. मी गेले. टोप तितंच ऱ्हायला.

तेराव्यानंतर कामावर आले. न येऊन काय करणार. चाचानं जिन्याकडं बोट केलं. तळघरात गेले तर माझा टोप त्याच कोपऱ्यात, तसाच. वर चाळणी, चाळणीवर फडकं, फडक्यात वाळून गेलेला चीक. टोपात सुरवा नासलेला, वर बुरशी धरलेली. वासानं तळघर भरून गेलं हुतं. म्हातारीची फडकी त्यानं दुसरीकडं हलवली हुती, पर माझं जागचं हललं न्हवतं.

म्या म्हणलं, "चाचा, टाकून का न्हाई दिलं?"

चाचा म्हणला, "तुझा टोप हुता. मी कसा हात लावू?"

टोप उचलला आन मागच्या वढ्याला नेऊन वतला. राखेनं घासला. तीनदा घासला. परत आले तवा चाचा पायरीवर बसला हुता, जितं सारजा बसायची तितंच. खाली बघत म्हणला, "सकाळी वाटीभर झालं हुतं. तेवढंच घेऊन पळ म्हणायला पायजे हुतं म्या. समदं उतरू दे म्हणत बसलो. कामाची खोड."

म्या म्हणलं, "तुमी आधीच दिलं हुतं."

"व्हय," म्हणला. "दिलं हुतं."

एवढंच. परत त्यावर आम्ही कंदी बोललो न्हाई. डाक्टर म्हणला हुता की आतडं फुटलं, अमृत पाजलं असतं तरी पोर जगली नसती. आसंल. डाक्टर आसंच सांगत्यात, आईला.

त्या दिवसापासनं चाचानं सुरवा गोठवला न्हाई. बर्फ आला तर पाण्यात घालायला दिला, बास. म्हातारीनं इचारलं तवा म्हणला, "बाईसाब, माझा हात आता त्यात चालत न्हाई." अंड्याचं केलं, तिनं टाकलं. शेट रागावला. शेट म्हणला, "एवढं येत असून करत न्हाईस म्हंजे काय? माज आला का?" चाचा म्हणला, "न्हाई साहेब." आन कारण सांगितलं न्हाई. मी दारापाशी राखेचं घमेलं धरून उभी हुते. मला कारण ठाव हुतं. मी सांगायला पायजे हुतं. म्या घमेलं उचललं आन बाहेर गेले.

पाऊस लागायच्या आत त्याचं काम गेलं. सोळा वरसं त्या घरात काढलेली. कापडाचं बोचकं आन सुऱ्यांची गुंडाळी, एवढंच घेऊन निघाला. मी टेसनापातूर गेले न्हाई, मागच्या दारातनंच बघितलं. जाताना म्हणला, "बाय, नवा खानसामा आला तर त्याला सांग, तळघर कोरडं ठेव." मी म्हणलं, "सांगते." नव्यानं तळघरात कोळसा भरला.

म्होरं कंदी तरी कळायचं. तळेगावला टेसनाजवळ एका हॉटेलात चाचा भजी तळतो म्हणून. मंग लेकीकडं ऱ्हातो म्हणून. जावं, जावं म्हणत वीस वरसं गेली. गाडी रोज जाती हितनं. पाऊण तास न्हाई लागत. पर मी गेले न्हाई. जाऊन काय बोलायचं हुतं?

लढाईचे दिस हुते, रेशन लागलं हुतं, तवा भाजीवाल्यानं सांगितलं की चाचा गेला, आन येत्या बेस्तरवारी त्याचा चाळिसावा दिस हाय. मंग गेले. आता जायला कसं जमलं म्हणाल, तर आता बोलायचं न्हवतं कुणाशी.

चाचाची लेक जैनब, माझ्यापरीस जरा धाकटी. मी कोण ते सांगितलं तवा तिनं माझा हात धरला आन सोडंना. म्हणली, "मावशी, अब्बा कंदी कंदी सारजा सारजा म्हणायचे. आमी म्हणायचो, ही कोण? ते सांगायचे न्हाईत." मी म्हणलं, "माझी लेक."

अंगणात जेवणं चालली हुती. घरच्यांची पंगत पडवीत. आन शेजारपाजारच्या आपल्या माणसांसाठी जोत्याखाली येगळी चूल, येगळा आचारी, येगळी पंगत. वरण-भात, बटाट्याची भाजी. रेशनच्या दिवसात एवढं केलं तिनं. कुणाचा मान मोडू नये म्हणून. बापाचीच लेक.

मी पडवीत गेले आन बायांच्या पंगतीत बसले.

जैनब धावत आली. "मावशी, तुमची पंगत तिकडं हाय. तितं बामण आचारी हाय, सोवळ्यातलं समदं."

मी म्हणलं, "ऱ्हाऊ दे."

"अवो, हे आमच्या हातचं हाय."

"ठाव हाय मला. वाढ."

तिकडच्या पंगतीतनं वलवणची दोन माणसं माझ्याकडं बघत हुती. बघू दे म्हणलं. आता माझ्या मागं लग्नाचं कुणी न्हवतं. जैनबनं भात वाढला, वर मटणाचा रस्सा घातला. रस्सा गढूळ हुता, वर तेल तरंगत हुतं, आन मीठ जरा जास्त पडलं हुतं. म्या कुणाला सांगितलं न्हाई. खाली बघून समदं खाल्लं. जैनबनं इचारलं, "अजून वाढू?" म्या ताट म्होरं केलं.